वीजजोडणीच्या कामातलं जोखीम मूल्यांकन आणि गुणवत्तेच्या नोंदी: काम थांबवू शकेल अशी फाइल कशी तयार करायची

साइटवर जोखीम मूल्यांकनाचा कागद हाती आला की एक साधी परीक्षा घ्या. वरचं प्रकल्पाचं नाव अंगठ्याने झाका आणि बाकीचं वाचा. ‘विजेचा धक्का बसण्याची शक्यता – सुरक्षा साधने वापरावीत’, ‘उंचीवरून पडण्याची शक्यता – काळजी घ्यावी’. नेमकं कोणतं काम चाललंय, कोणत्या बोर्डावर, कोणत्या बाजूने पुरवठा येतोय हे त्यातून कळत नसेल, तर तो कागद कुठल्याच कामाचा नाही. गुणवत्तेच्या तक्त्यांचंही तसंच. तीस सर्किटांपुढे ‘ओके’ लिहिलेला तक्ता आणि कोरा तक्ता यांत फरक एवढाच, की कोरा कागद निदान खोटं बोलत नाही.

या लेखात एकच कसोटी धरून चाललो आहे: काम थांबवायची वेळ आली तर या कागदाच्या आधारे ते थांबवता येईल का? त्यासाठी कागदावर मर्यादा हवी, प्रत्यक्ष मोजलेला आकडा हवा आणि मर्यादा ओलांडली तर कोण थांबवणार त्याचं नाव हवं. या तिन्हींतलं एक जरी कमी असेल तर तो कागद फक्त फाइल जाड करतो.

लेखाची व्याप्ती १००० व्होल्ट एसीपर्यंतच्या जोडणीपुरती आहे. आकडे प्रामुख्याने आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६०३६४ या मानकमालिकेतले आहेत. तुमच्या देशातले नियम, परवाने आणि मानकं त्याहून कडक असतील तर तीच लागू.

उदाहरण म्हणून एक काम डोळ्यांसमोर ठेवू: वापरात असलेल्या इमारतीतला जुना वितरण बोर्ड काढून त्या जागी नवा बसवणं. नव्या बांधकामापेक्षा हे अवघड, कारण इथे वीज आधीपासून आहे आणि जुन्या वायरिंगचं खरं चित्र कुणाकडेच नसतं.

पायरी १: आधी जागा पाहा, मग कामाचे तुकडे पाडा

मूल्यांकन ऑफिसात बसून सुरू करू नका. बोर्डासमोर उभं राहा, सोबत जुना नकाशा आणि इमारतीची देखभाल करणारा माणूस घ्या. मग काम क्रमाने तोडून लिहा: सर्किट ओळखणं, पुरवठा बंद करणं, वीज नसल्याची खात्री, वायरी सोडवून खुणा करणं, जुना बोर्ड उतरवणं, नवा बसवणं, टर्मिनेशन (वायरींची टोकं टर्मिनलला जोडणं), वीज न देता करायच्या चाचण्या, पुरवठा सुरू करणं, वीज देऊन करायच्या चाचण्या, हस्तांतर. एवढे तुकडे पुरे. ‘स्क्रू सैल करणे’ इथपर्यंत तोडलं तर कुणी वाचणार नाही. ‘बोर्ड बदलणे’ असा एकच तुकडा ठेवला तर धोके दिसणार नाहीत.

प्रत्येक तुकड्यापुढे दोन प्रश्न विचारायचे. इथे कोणती ऊर्जा आहे? आणि ती दुसऱ्या वाटेने परत कुठून येऊ शकते?

दुसऱ्या प्रश्नावर वेळ घालवा. मेन स्विच बंद केला की बोर्ड मेला, हे गृहीतच बहुतेकदा घात करतं. स्वयंचलित चेंजओव्हरवर (एका स्रोतावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्विचवर) असलेला जनरेटर पुरवठा गेलेला पाहून आपोआप सुरू होतो. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नेमका पुरवठा गेल्यावरच कामाला लागतो. सौर पॅनेलच्या डीसी बाजूला ऊन आहे तोवर व्होल्टेज असतंच, ते स्विचने संपत नाही. कपॅसिटर बँक आणि मोटरच्या ड्राइव्हची डीसी बस बंद केल्यावरही काही मिनिटं भारलेली राहते. किती थांबायचं ते उपकरणावरच लिहिलेलं असतं, तो आकडा मूल्यांकनात उतरवून घ्या. कंट्रोल सर्किटला भलत्याच पॅनेलमधून पुरवठा असू शकतो.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे उसना न्यूट्रल. कुणीतरी कधीकाळी एका सर्किटचा दिवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलवर जोडलेला असतो. तुम्ही आपलं सर्किट बंद करता, न्यूट्रल सोडवता, आणि शेजारच्या चालू सर्किटचा करंट त्याच वायरीतून येत असल्यामुळे सुटलेल्या टोकावर पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. म्हणून जुन्या इमारतीत न्यूट्रल सोडवण्याआधी त्याभोवती क्लॅम्प मीटर लावून करंट शून्य असल्याचं पाहणं हा स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा.

पायरी २: धोका पूर्ण वाक्यात लिहा

‘विजेचा धक्का’ एवढं लिहून उपाय सुचत नाही. कारण, घटना आणि इजा एकाच वाक्यात आणा: ‘चेंजओव्हर ऑटोवर राहिल्यामुळे जनरेटर सुरू होऊन बसबारमध्ये पुन्हा वीज येते आणि टर्मिनल सोडवणाऱ्या वायरमनला धक्का बसतो.’ असं लिहिलं की उपाय त्या वाक्यातच दिसतो: चेंजओव्हर मॅन्युअलवर, जनरेटरचा ब्रेकर बंद करून कुलूप, किल्ली वायरमनच्या खिशात.

विजेशिवायचे धोकेही याच पद्धतीने येतील: जड पॅनेल उचलणं, शिडीवरचं काम, भिंतीत ड्रिल करताना लपलेली केबल किंवा पाण्याचा पाइप लागणं, जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता, केबलसाठी भिंतीत पाडलेलं भोक तसंच राहून आगीला वाट मिळणं. यांची यादी लांबवू नका. या साइटवर जे खरंच आहे तेवढंच.

पायरी ३: गुण द्या, पण गुणाकाराला भुलू नका

नेहमीचा तक्ता ५ × ५ चा असतो. शक्यता १ ते ५, तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. १५ च्या वर लाल, मधले पिवळे, ५ च्या खाली हिरवे, किंवा तुमच्या संस्थेने ठरवलेले टप्पे.

इथे दोन ठिकाणी सावध राहायचं. पहिलं, मृत्यूची तीव्रता ५ आणि शक्यता १ धरली तर गुण येतात ५. बोटं खरचटण्याची तीव्रता १ आणि शक्यता ५ धरली तरी गुण ५ च. तक्ता दोघांना एकाच रंगात रंगवतो. म्हणून माझा आग्रह असा की तीव्रता ५ असलेली प्रत्येक ओळ गुण काहीही असोत, वेगळी काढावी आणि तिचा उपाय निव्वळ हातमोजे व सूचना यांवर सोडू नये.

दुसरं, उपायांनंतर गुण पुन्हा दिले जातात, आणि तिथे लोक बिनदिक्कत तीव्रता ५ वरून २ वर आणतात. कुलूप लावल्याने अपघाताची शक्यता घटते. पण वीज अंगावर आलीच तर ती पहिल्याइतकीच मारते. तीव्रता कमी व्हायला व्होल्टेज किंवा ऊर्जाच कमी व्हावी लागते, उदाहरणार्थ अत्यल्प व्होल्टेजचे दिवे वापरून. दुसऱ्या रकान्यात तीव्रता उतरलेली दिसली की लिहिणाऱ्याला विचारा: कशामुळे? समाधानकारक उत्तर क्वचितच मिळतं.

पायरी ४: उपायांचा क्रम

धोका काढून टाकणं, पर्याय देणं, तांत्रिक अडसर, कामाची शिस्त आणि शेवटी अंगावरची साधनं, हा क्रम बहुतेकांना पाठ असतो. कागदावर मात्र तो उलटा येतो, कारण हेल्मेट आणि हातमोजे लिहिणं सोपं.

आपल्या कामात त्याचा अर्थ असा. काढून टाकणं म्हणजे पूर्ण पुरवठा बंद करून काम. इमारतीचा मालक ‘बंद ठेवता येणार नाही’ म्हणाला तर ते त्याच्याकडून कारणासह लेखी घ्या. लिहायची वेळ आली की शटडाउनची वेळ बहुधा सापडते. पर्याय म्हणजे कॉर्डवरच्या ड्रिलऐवजी बॅटरीचं ड्रिल. तांत्रिक अडसर म्हणजे शेजारच्या चालू भागांवर इन्सुलेटेड आवरण आणि तात्पुरत्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती करंट ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण). शिस्तीत परमिट (कामाची लेखी परवानगी), देखरेख, प्रशिक्षण. अंगावरच्या साधनांत इन्सुलेटेड हातमोज्यांचा वर्ग लिहा: आयईसी ६०९०३ नुसार वर्ग ०० हा ५०० व्होल्ट एसीपर्यंत, वर्ग ० हा १००० व्होल्ट एसीपर्यंत. दर वापराआधी हवा भरून भोक पाहायचं, हेही लिहा.

प्रत्येक उपायापुढे जबाबदार माणसाचं पद आणि तो उपाय झाल्याचा पुरावा कुठे सापडेल ते हवं. ‘सर्वांनी’ असं लिहिलं की ते कुणीच करत नाही.

पायरी ५: पुरवठा बंद केल्याची नोंद

संपूर्ण फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद मला हाच वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच एका ओळीत उरकलेला असतो: ‘पुरवठा बंद केला.’ त्याऐवजी हे पाच टप्पे क्रमाने लिहिले जावेत: सर्व बाजूंनी तोडणं, पुन्हा सुरू होणार नाही अशी सोय, वीज नसल्याची खात्री, गरज असेल तिथे अर्थिंग व शॉर्ट करणं, आणि शेजारच्या जिवंत भागांना आवरण.

प्रत्येक तोडबिंदूसाठी एक ओळ: उपकरणाचा क्रमांक, जागा, कुलपाचा क्रमांक, किल्ली कुणाकडे, वेळ, सही. काम करणारे चार जण असतील तर चार कुलपं. मल्टी-लॉक हॅस्प त्यासाठीच असतो. ‘सुपरवायझरचं कुलूप सगळ्यांसाठी’ ही सवय धोक्याची, कारण तो जेवायला गेला तरी कुणीतरी पॅनेलमध्ये हात घालून बसलेलं असतं.

खात्रीची नोंद आकड्यांत करा. थ्री-फेज बोर्डावर मोजण्या दहा होतात: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक. टेस्टर दोन प्रोबचा, आयईसी ६१२४३-३ ला अनुसरणारा असावा. वायरीजवळ धरल्यावर चमकणारं पेन शोधाशोधीला ठीक, खात्रीसाठी नाही. टेस्टर आधी चालू असलेल्या स्रोतावर किंवा प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर तपासण्यासाठीच्या छोट्या व्होल्टेज स्रोतावर) तपासायचा, मग दहा मोजण्या, मग पुन्हा त्याच स्रोतावर. या तिन्ही गोष्टींसाठी तक्त्यात वेगळे रकाने ठेवा. शेवटची तपासणी वगळली तर ‘शून्य’ हे बोर्डाचं रीडिंग होतं की मधेच बिघडलेल्या टेस्टरचं, हे सांगता येत नाही.

परमिटला मुदत असते. पाळी बदलली की नवी सही. आणि एक परमिट लोक हमखास विसरतात: लूप इम्पीडन्स (दोषाचा करंट ज्या वाटेने फिरतो तिचा रोध), आरसीसीबी आणि फेज सिक्वेन्स (तीन फेजांचा क्रम) या चाचण्या वीज देऊनच होतात. म्हणजे त्या वेळी बोर्ड उघडा आणि जिवंत असू शकतो. त्यासाठी वेगळं मूल्यांकन आणि वेगळी परवानगी लागते. काम ‘संपलं’ म्हणून कुलपं काढल्यावर ढिलाई येते, आणि नेमक्या याच वेळी.

मूल्यांकनाच्या शेवटी ‘थांबा’ अशी छोटी यादी द्या. नकाशात नसलेली केबल सापडली. न्यूट्रलमध्ये करंट दिसला. परमिटवर नाव नसलेला माणूस कामावर आला. पाणी शिरलं. यांतलं काहीही घडलं की काम थांबवायचा अधिकार हेल्परलाही आहे, असं स्पष्ट लिहा. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा चर्चेत) हीच यादी वाचा. हजेरीच्या सह्यांबरोबर कुणी काय विचारलं तेही टिपा. प्रश्नांचा रकाना रोज कोरा राहत असेल तर बोलणं एकतर्फी चाललंय.

पायरी ६: तपासणी आणि चाचणी आराखडा

आता गुणवत्तेची बाजू. इंग्रजी आद्याक्षरांवरून साइटवर ज्याला ‘आयटीपी’ म्हणतात तो आराखडा म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय तपासायचं याचं वेळापत्रक. रकाने असे: काम, काय तपासायचं, स्वीकाराची मर्यादा, मर्यादा कुठून घेतली, नोंदीच्या फॉर्मचा क्रमांक, आणि कंत्राटदार, सल्लागार व मालक यांपैकी कुणाचा सहभाग कसा.

सहभागाचे तीन प्रकार पुरतात. होल्ड पॉइंट म्हणजे सही झाल्याशिवाय पुढचं काम बंद. विटनेस पॉइंट म्हणजे आगाऊ कळवायचं, पण ठरल्या वेळी कुणी आलं नाही तर काम पुढे नेता येतं. रिव्ह्यू म्हणजे नंतर कागद पाहणं.

होल्ड पॉइंट मोजकेच ठेवा. झाकलं जाणारं काम आणि वीज देण्याचा क्षण हे त्यांचे खरे धनी: काँक्रीट किंवा प्लास्टरआधी कंड्युट, माती भरण्याआधी चरातली केबल, फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी ट्रे, आणि पहिल्यांदा पुरवठा देण्याआधी. आपल्या बोर्डाच्या कामात पुरवठा देण्याआधीचा तर हवाच, शिवाय जुन्या वायरी सोडवण्याआधी सर्किटांच्या खुणा तपासण्याचा एक. वीस होल्ड पॉइंट ठेवले की तपासणारा येईनासा होतो, आठवड्याच्या शेवटी एकदम सह्या होतात आणि एकही होल्ड उरत नाही.

मर्यादेच्या रकान्यात ‘मानकाप्रमाणे’ असं लिहू नका. आकडा लिहा. बोर्डासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मानकाचं पुस्तक नसतं.

पायरी ७: माल आल्यावर

केबलचा ड्रम किंवा कॉइल नंबर, आकार, लांबी, उत्पादकाचं चाचणी प्रमाणपत्र आणि कॉइलवरचा मजकूर जुळतोय का ते पाहा. एमसीबीची (करंट जास्त झाला की आपोआप सुटणाऱ्या छोट्या ब्रेकरची) ब्रेकिंग क्षमता त्या जागेच्या संभाव्य शॉर्टसर्किट करंटपेक्षा कमी नको. कर्व्ह (किती पट करंटला ब्रेकर तत्काळ सुटतो तो प्रकार) बी की सी, आरसीसीबी कोणत्या प्रकारची, हे नेमप्लेटच्या फोटोसह नोंदवा.

कमी तांब्याची वायर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आयईसी ६०२२८ नुसार २० अंश सेल्सिअसला साध्या तांब्याच्या वायरीचा कमाल रोध किलोमीटरमागे १.५ चौरस मिमीला १२.१ ओहम, २.५ ला ७.४१, ४ ला ४.६१ आणि ६ ला ३.०८ असतो. लवचीक वायरीचे आकडे थोडे जास्त असतात. म्हणजे २.५ ची १०० मीटर कॉइल ०.७४ ओहमच्या आसपास किंवा खाली यायला हवी. तापमान दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्के वाढवतं, त्यामुळे ३० अंशाला चार टक्के सूट द्या. चांगल्या कंटिन्युइटी टेस्टरने, लीडचा रोध वजा करून मोजलं आणि ०.९५ आलं, तर एकतर लांबी जास्त आहे, किंवा तांबं कमी आहे. लांबी जास्त असण्याचा योग फारसा येत नाही.

नाकारलेला माल वेगळ्या जागी, टॅग लावून. नाहीतर तो संध्याकाळी कुणाच्या तरी हाताने भिंतीत जातो.

पायरी ८: काम चालू असताना

इथली मुख्य नोंद टर्मिनेशनची. सैल जोडात ०.१ ओहम एवढा रोध असेल आणि त्यातून २० अँपिअर जात असतील तर त्या एका बिंदूवर ४० वॉट उष्णता तयार होते. एमसीबीला यात काहीच गैर दिसत नाही, कारण करंट मर्यादेत आहे. म्हणून हा दोष चाचणीत सापडेल या भरवशावर राहता येत नाही. तो जोड करतानाच टाळावा लागतो.

उत्पादकाने दिलेला टॉर्क, वापरलेल्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरचा क्रमांक, कुणी आवळलं आणि कुणी तपासलं, एवढं सर्किटनिहाय लिहा. आवळून झाल्यावर स्क्रूवर रंगाची रेघ ओढा. पुढे स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्याने पुन्हा जोरात आवळणं मात्र टाळा, त्याने आटे आणि वायर दोन्ही खराब होतात. क्रिम्पिंगमध्ये (वायरीच्या टोकावर लग दाबून बसवताना) लग, वायर आणि डाय या तिन्हींचा आकार जुळला पाहिजे.

फोटो झाकण्याआधीचे काढा आणि चौकटीत सर्किटचा किंवा बोर्डाचा क्रमांक दिसू द्या. नुसत्या लाल-काळ्या वायरींचा फोटो कोणत्या मजल्यावरचा हे महिन्याभराने काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पायरी ९: चाचण्यांचा तक्ता

क्रम पाळा. आधी डोळ्यांनी तपासणी, मग वीज न देता कंटिन्युइटी (वायर सलग असणं), इन्सुलेशन रेझिस्टन्स, पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल योग्य जागी असणं). या पास झाल्यावरच पुरवठा, आणि मग लूप इम्पीडन्स, आरसीसीबी, फेज सिक्वेन्स, कार्यचाचणी. तक्त्याच्या माथ्यावर प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशनची मुदत.

इन्सुलेशन: ५०० व्होल्टपर्यंतच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसी लावून किमान १ मेगओहम. अत्यल्प व्होल्टेजच्या सेल्व्ह-पेल्व्ह सर्किटला २५० व्होल्ट डीसी आणि ०.५ मेगओहम. ५०० व्होल्टच्या वर असेल तर १००० व्होल्ट डीसी, १ मेगओहम. सर्ज प्रोटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं आधी सोडवा, आणि काय काय सोडवलं ते तक्त्यात लिहा, म्हणजे परत जोडायचं राहणार नाही. मीटर मर्यादेपलीकडे गेला तर ‘अनंत’ न लिहिता ‘५०० पेक्षा जास्त’ असं, मीटरच्या पल्ल्याप्रमाणे लिहा.

आता निर्णयाचा भाग. बोर्डावरच्या सगळ्या नव्या सर्किटांची रीडिंग २०० मेगओहमच्या वर आहेत आणि एकाचंच ३ आहे. नियमाने पास. पण नव्या वायरीला ३ का यावं? कुठेतरी ओल आहे, इन्सुलेशन खरवडलंय, नाहीतर एखादं उपकरण सोडवायचं राहिलंय. किमान मर्यादा सांगते की कुठे थांबायचंच. शंका कुठे घ्यायची हे शेजारच्या आकड्यांवरून कळतं, आणि ते आकडे लिहिलेले असतील तरच.

लूप इम्पीडन्स: टीएन पद्धतीत (उपकरणांचा अर्थ पुरवठ्याच्या अर्थ केलेल्या बिंदूला वायरीने जोडलेला) नियम असा, की लूपचा रोध गुणिले ब्रेकर तत्काळ सुटण्याचा करंट हा फेज-अर्थ व्होल्टेजपेक्षा जास्त नसावा. २३० व्होल्टला, १६ अँपिअर बी कर्व्हचा एमसीबी ८० अँपिअरला नक्की सुटतो, म्हणून मर्यादा २.८७ ओहम. मोजणी थंड वायरीवर होते आणि दोषाच्या वेळी वायर तापलेली असते, त्यामुळे मोजलेला आकडा त्याच्या दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे १.९१ च्या आत हवा. तोच एमसीबी सी कर्व्हचा असेल तर १६० अँपिअर लागतात, मर्यादा १.४३ आणि मोजणीसाठी साधारण ०.९५.

समजा एका सर्किटचं मोजमाप १.३० आलं. बी कर्व्हला पास. पुढे कुणीतरी ‘एमसीबी सारखा पडतो’ म्हणून सी कर्व्हचा बसवला, तक्ता मात्र जुनाच राहिला. आता कागदावर पास असलेलं सर्किट प्रत्यक्षात टीएन पद्धतीत ठरलेल्या ०.४ सेकंदात तुटेलच याची खात्री उरली नाही. म्हणून तक्त्यात आकड्यासोबत कर्व्ह लिहायचा आणि उपकरण बदललं की तक्ता रद्द समजायचा. दोषसंरक्षण आरसीसीबीवर अवलंबून असेल तर मर्यादा वेगळ्या निघतात. टीटी पद्धतीत (उपकरणांचा अर्थ स्वतंत्र इलेक्ट्रोडला) बहुधा तेच असतं, आणि तिथे तोडण्याची वेळ २३० व्होल्टला ०.२ सेकंद आहे.

आरसीसीबी: रेटेड गळती करंटच्या (उदा. ३० मिलिअँपिअर) निम्म्याला सुटता कामा नये, पूर्ण करंटला सर्वसाधारण प्रकारात ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपटीला ४० च्या आत सुटावा. दोन्ही अर्धचक्रांवर मोजा आणि जास्तीची वेळ लिहा.

तक्ता तपासणाऱ्यासाठी एक युक्ती. बोर्डापर्यंतच्या लूपचा रोध ०.३५ आहे आणि सर्किट ३० मीटरचं, फेज व अर्थ दोन्ही २.५ चे. वायरीचा रोध ३० × २ × ०.००७४१, म्हणजे ०.४४. दोन्ही मिळून अपेक्षा ०.७९ च्या आसपास. तक्त्यात ०.३० लिहिलं असेल तर ते बोर्डाच्या आकड्यापेक्षाही कमी आहे: एकतर लोखंडी सांगाड्यातून समांतर अर्थ मिळतोय, किंवा मोजणीच झालेली नाही. सगळ्या सर्किटांची रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी, किंवा चाळीस सर्किटं दहा मिनिटांत तपासल्याच्या वेळा, ही लक्षणंही तीच. दोन-तीन सर्किटं स्वतः पुन्हा मोजा आणि तुमचं रीडिंग वेगळ्या शाईने बाजूला लिहा.

पायरी १०: चुकलेलं काम कसं नोंदवायचं

एखादी चाचणी नापास झाली की पहिली ऊर्मी असते दुरुस्त करून पास आकडा लिहिण्याची. नापास आकडा खोडरबराने घालवू नका. त्यावर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख, खाली नवा आकडा. मग एनसीआर, म्हणजे विसंगतीचा अहवाल: काय हवं होतं, काय सापडलं, कुठे, तात्पुरतं काय केलं, कारण काय, आणखी कुठे असू शकतं, पुन्हा मोजल्यावर काय आलं.

‘आणखी कुठे असू शकतं’ हा रकाना बहुतेक छापील फॉर्ममध्ये नसतो. तो घाला. एका सॉकेटची पोलॅरिटी उलटी सापडली तर त्याच माणसाने त्या दिवशी जोडलेली बाकीची सॉकेटं बघायलाच हवीत.

आणि इथून एक धागा पायरी १ कडे परत जातो. कंटिन्युइटी तपासताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र सापडले, एनसीआर निघाला, दुरुस्ती झाली. गुणवत्तेच्या दृष्टीने विषय बंद. पण याच इमारतीत अजून पाच बोर्ड बदलायचे असतील तर उसना न्यूट्रल इथे ‘शक्यता २’ राहिलेला नाही, ४ झाला. मूल्यांकनाची नवी आवृत्ती काढा आणि पुढच्या बोर्डाच्या टूलबॉक्स टॉकमध्ये ते सांगा. दोन फायली दोन वेगळ्या माणसांकडे असतील तर हे घडत नाही. एनसीआरच्या फॉर्मवरच ‘जोखीम मूल्यांकन बदलायचं का? होय/नाही, कोणी पाहिलं’ अशी ओळ छापून टाका.

पायरी ११: कागदांची शिस्त आणि हस्तांतर

सर्किटचं नाव सगळीकडे एकच हवं: नकाशावर, बोर्डाच्या लेबलवर, चाचणी तक्त्यात, फोटोच्या फाइलनावात. नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर आवृत्ती क्रमांक, आणि जुन्या प्रतीवर ‘रद्द’ असा शिक्का. मोबाइलवर फॉर्म भरत असाल तर आपोआप पडणारी वेळ बदलता येणार नाही याची खात्री करा आणि रोज प्रत दुसरीकडे ठेवा.

हस्तांतराच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष कामाप्रमाणे सुधारलेले नकाशे, चाचणी तक्ते, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रांच्या प्रती, सर्व बंद झालेले एनसीआर, उपकरणांची माहितीपत्रकं, रिले व ब्रेकरच्या सेटिंगची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख. डिझाइन, उभारणी आणि पडताळणी या तीन जबाबदाऱ्यांच्या सह्या वेगवेगळ्या ठेवा, माणूस एकच असला तरी.

शेवटचा एक कागद स्वतंत्र काढा: शिल्लक राहिलेल्या धोक्यांची यादी. या बोर्डाला दोन पुरवठे आहेत. यूपीएसची बाजू मेन बंद केल्यावरही जिवंत राहते. जिन्यातल्या सर्किटची जुनी वायर बदललेली नाही, तिचं इन्सुलेशन रीडिंग इतकं आलं. ही यादी मालकाच्या सहीने द्या. त्यातल्या पहिल्या दोन ओळी बोर्डाच्या दारावर ठळक लेबलात लावा, सर्किटांचा तक्ता दाराच्या आत, आणि फाइलची एक प्रत इमारतीतच अशा जागी ठेवा जिथे पुढचा वायरमन बोर्ड उघडण्याआधी ती मागू शकेल.